अडॅप्टरवरचा रोमन सहा

घरातल्या वायफाय राउटरचा अडॅप्टर सॉकेटमधून काढा आणि त्याच्या पाठीवरची बारीक अक्षरं उजेडात धरून वाचा. इनपुट १०० ते २४० व्होल्ट, ५०/६० हर्ट्झ. आउटपुट १२ व्होल्ट, १ अँपिअर. त्याखाली चौकोनात चौकोन (दुहेरी इन्सुलेशन), छोट्या घराचं चित्र (उघड्यावर वापरू नका), फुली मारलेली कचरापेटी. या गर्दीत कुठेतरी इंग्रजी ‘व्ही’ला लागून एक उभी रेघ दिसते, कधी वर्तुळात, कधी नुसतीच. हा रोमन आकडा सहा. अडॅप्टर किती वीज वाया घालवतो, त्याची ही जगभर एकच असलेली खूण.

ही खूण कुठल्या आंतरराष्ट्रीय करारातून आली नाही. तिच्यासाठी कुठे कचेरी उघडली गेली नाही, कुठल्याही देशाने आपला कायदा दुसऱ्याच्या हाती दिला नाही. तरीही विद्युत उपकरणांच्या कार्यक्षमतेबाबत देशांनी एकत्र येऊन केलेल्या कामांत इतकं सरळ आणि इतक्या घरांत पोचलेलं दुसरं उदाहरण शोधावं लागेल. ते कसं जमलं आणि कुठे उणं पडलं, हे या प्रकरणात पाहायचं आहे.

गरम भिंत

२००० सालाच्या आसपासचे बहुतेक अडॅप्टर जड असायचे. आत लोखंडी पत्र्यांच्या थरांचा ट्रान्सफॉर्मर, चार डायोड आणि एक कपॅसिटर, बस. बनवायला सोपा, टिकायला दणकट. पण ट्रान्सफॉर्मरची प्रायमरी गुंडाळी कायम २३० व्होल्टवर असते आणि गाभ्यात चुंबकीय क्षेत्र सेकंदाला ५० वेळा उलटसुलट होत राहतं. त्यामुळे पलीकडे काहीही जोडलेलं नसलं तरी असा अडॅप्टर एक ते तीन वॅट खातो. हात लावला की कोमट लागतो, ती हीच वीज. भार असतानाही निम्मी वीज उष्णतेत जाणं नेहमीचं होतं.

बाजारात तेव्हा (आणि मुंबईत लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स दुकानांत कितीतरी वर्षं नंतरही) ‘वजनदार अडॅप्टर म्हणजे चांगला अडॅप्टर’ हा हिशेब पक्का होता. तांबं आणि लोखंड हातात लागतं, म्हणून तो पटायचाही. विजेच्या बाबतीत मात्र वस्तुस्थिती नेमकी उलट होती.

आकड्यांत पाहू. राउटर सतत ६ वॅट घेतो असं धरा. जुना अडॅप्टर ५५ टक्के कार्यक्षम असेल तर भिंतीतून जवळपास १०.९ वॅट ओढतो, म्हणजे ४.९ वॅट वाया. वर्षाच्या ८,७६० तासांत ही ४३ युनिट होतात. ८३ टक्के कार्यक्षम अडॅप्टरचा अपव्यय तेवढ्याच कामाला सव्वा वॅटपेक्षा थोडा कमी, वर्षाला ११ युनिटच्या आत. एका राउटरमागे ३२ युनिटचा फरक, आणि असे अडॅप्टर अब्जावधींनी विकले जात होते.

या वाया जाणाऱ्या विजेकडे लक्ष वेधणारे लोक होते. अमेरिकेतल्या लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेच्या ॲलन मायर यांनी १९९८ मध्ये मांडलं की कुठल्याही उपकरणाचा स्टँडबाय वापर एका वॅटच्या आत आणावा. आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेने पुढच्याच वर्षी ती कल्पना उचलली. २००२ मध्ये एनआरडीसी या पर्यावरण संस्थेसाठी इकॉस कन्सल्टिंगने पॉवर सप्लायमधल्या अपव्ययाची मांडणी केली. तंत्रज्ञान तयारच होतं. स्विच मोड सर्किट वीज आधी डीसी करतं, मग हजारो हर्ट्झने तिची उघडझाप करून बोटाएवढ्या फेराइट ट्रान्सफॉर्मरमधून पाठवतं. अडचण एवढीच होती की ते थोडं महाग पडायचं, आणि बिल भरणारा माणूस अडॅप्टर निवडत नव्हता. राउटर बनवणारी कंपनी अडॅप्टर निवडायची आणि विजेचं बिल गिऱ्हाइकाकडे जायचं. असा पेच बाजार आपण होऊन सोडवत नाही.

सहमती कशावर झाली

एका देशाने कडक नियम केला असता तर काय झालं असतं? अडॅप्टर मुख्यतः चीनमध्ये बनत होते आणि एकच माल जगभर जात होता. कॅलिफोर्नियाची चाचणी एक, युरोपची दुसरी, ऑस्ट्रेलियाची तिसरी असती, तर कारखान्याला तीनदा चाचण्या, तीन लेबलं आणि तीन गोदामं लागली असती. फ्रिजच्या बाबतीत हे खरोखर घडलेलं होतं. अमेरिका फ्रिज ३२.२ अंश सेल्सिअसच्या खोलीत तपासायची आणि युरोप २५ अंशांत, त्यामुळे दोन्हीकडच्या आकड्यांची तुलनाच करता येत नसे. १६ आणि ३२ अंश अशा दोन तापमानांची जागतिक पद्धत यायला २०१५ उजाडलं.

अडॅप्टरच्या बाबतीत मंडळी वेळेवर जागी झाली. अमेरिकेची पर्यावरण संस्था (कमी वीज खाणाऱ्या उपकरणांवरचं ‘एनर्जी स्टार’ हे ऐच्छिक लेबल तिचंच), कॅलिफोर्निया ऊर्जा आयोग, ऑस्ट्रेलियन ग्रीनहाउस ऑफिस, चीनची ऊर्जाबचत प्रमाणन संस्था आणि युरोपीय आयोग यांनी २००४-०५ मध्ये दोनच गोष्टी ठरवल्या. पहिली, मोजायचं कसं. त्या चाचणी पद्धतीच्या मजकुरावर ऑगस्ट २००४ ही तारीख आहे. दुसरी, निकाल लिहायचा कसा, तर एका रोमन आकड्याने, जो अडॅप्टरच्या अंगावरच छापायचा.

किमान पातळी कोणती असावी, हे मुद्दाम ठरवलं नाही. ज्याने त्याने आपल्या देशासाठी हवी ती पायरी निवडावी. या कामाचं यश मला इथेच दिसतं. मर्यादेवर एकमत करायला बसले असते तर सर्वांत मागे असलेल्याच्या चालीने सगळ्यांना चालावं लागलं असतं. मोजपट्टी एक आणि तिच्यावरची रेघ ज्याची त्याची, असं ठेवल्यामुळे कुणाचं अडलं नाही. शिवाय आकडा चढता ठेवला. ‘उत्तम’, ‘अतिउत्तम’ अशी विशेषणं संपतात, आकडे संपत नाहीत.

मोजायचं कसं

अडॅप्टर २३ अंश सेल्सिअसच्या (५ अंश कमी-जास्त) खोलीत, पंख्याच्या वाऱ्यापासून दूर ठेवायचा. आधी पूर्ण भारावर ३० मिनिटं चालवून तापू द्यायचा. मग लेबलवर छापलेल्या प्रवाहाच्या १००, ७५, ५० आणि २५ टक्के भाराला आत गेलेले आणि बाहेर आलेले वॅट मोजायचे. प्रत्येक ठिकाणी आतली वीज ५ मिनिटांत ५ टक्क्यांपेक्षा जास्त हलता कामा नये. चार कार्यक्षमतांची साधी सरासरी ही झाली ‘सक्रिय कार्यक्षमता’. शेवटी भार काढून टाकायचा आणि रिकामा अडॅप्टर किती खातो ते पाहायचं. हे सगळं ११५ व्होल्ट ६० हर्ट्झला एकदा आणि २३० व्होल्ट ५० हर्ट्झला एकदा. दोन्हींत जो निकाल खालचा, तो आकडा छापायचा.

वाचायला सोपं वाटतं, पण भार नसतानाच्या मोजणीत अनुभवी हातही चुकतात. सर्वांत नेहमीची चूक म्हणजे मल्टीमीटरने व्होल्ट आणि अँपिअर मोजून गुणाकार करणं. अडॅप्टरच्या तोंडाशी विजेतला गोंगाट अडवणारा कपॅसिटर असतो. तो ०.१ मायक्रोफॅरडचा धरला तर २३० व्होल्टला एकटा ७.२ मिलिअँपिअर ओढतो. गुणाकार केला की १.६६ येतात. हे वॅट नव्हेत, व्होल्ट-अँपिअर आहेत. कपॅसिटर घेतलेली वीज प्रत्येक आवर्तनात परत करतो. चांगला, ०.०८ वॅटचा चार्जर अशा मोजणीत वीसपट खाणारा दिसतो आणि नापास होतो. म्हणून खरे वॅट दाखवणारा पॉवर मीटर हवा आणि तोही ०.०१ वॅटपर्यंत वाचणारा.

दुसरी चूक जोडणीची. मीटरच्या व्होल्टेज टर्मिनलचा स्वतःचा रोध १ मेगाओहम असेल तर २३० व्होल्टला त्यातच ०.०५३ वॅट जातात. ते टर्मिनल प्रवाह मोजणाऱ्या शंटच्या पुढे, अडॅप्टरच्या बाजूला जोडलं, तर मीटरचा हा खर्च अडॅप्टरच्या नावावर पडतो. मर्यादा ०.१ वॅटची असताना निम्मी रक्कम मीटरच खाऊन बसतो. ते पुरवठ्याच्या बाजूला जोडायचं.

तिसरी चूक घाईची. आजचे कंट्रोलर (अडॅप्टरमधली विजेची उघडझाप सांभाळणाऱ्या चिप) भार नसताना झोपतात आणि मधूनच एखादा झटका देऊन जागे होतात. मीटरवरचा आकडा ०.०२ आणि ०.३ यांच्यात नाचतो. डोळ्यांना दिसलेला आकडा टिपून घेणं इथे चालत नाही. काही मिनिटांची ऊर्जा बेरजेने घ्यावी लागते आणि वेळेने भागावी लागते. यासाठीची आंतरराष्ट्रीय पद्धत, आयईसी ६२३०१, पहिल्यांदा २००५ मध्ये आली.

पायऱ्या कशा चढत गेल्या

पातळी एक म्हणजे कुठलाच निकष पाळला जात नाही. तीनपासून खरी शिडी सुरू होते. १२ व्होल्ट १ अँपिअरच्या, म्हणजे १२ वॅटच्या अडॅप्टरला लावून पाहू.

पातळी तीनला किमान सरासरी कार्यक्षमता ७१.४ टक्के हवी आणि रिकामा वापर ०.७५ वॅटच्या आत. चारला ७२.४ टक्के आणि ०.५ वॅट. पाचला ७७.८ टक्के आणि ०.३ वॅट. सहाला ८३ टक्के आणि ०.१ वॅट. तीन ते चार ही नुसती पाऊलभर हालचाल होती. पण तीनचीच अट जुन्या लोखंडी ट्रान्सफॉर्मरला झेपत नव्हती, त्यामुळे खरा निकाल तिथेच लागला.

एनर्जी स्टारने जानेवारी २००५ पासून तीनच्या तोडीची ऐच्छिक अट घातली. अमेरिकेने २००७ च्या ऊर्जा कायद्याने १ जुलै २००८ पासून चार ही पातळी सक्तीची केली आणि सोबत ही रोमन खूण छापणंही बंधनकारक केलं. ऑस्ट्रेलियाने २००८ च्या डिसेंबरमध्ये तीन लावली. युरोपने २७८/२००९ या नियमाने एप्रिल २०१० मध्ये चारच्या तोडीची आणि वर्षभराने पाचच्या तोडीची अट आणली. तोवर मागे दिसणाऱ्या अमेरिकेने १० फेब्रुवारी २०१६ पासून सहा सक्तीची केली. मग युरोपने १ एप्रिल २०२० पासून तीच पातळी गाठली. कधी हा पुढे, कधी तो. पण मोजपट्टी तीच असल्याने जो पुढे जाईल त्याच्यासाठी बनवलेला माल दुसऱ्याकडेही जसाच्या तसा चालत होता. १०० ते २४० व्होल्टवर चालणाऱ्या अडॅप्टरचा फक्त पिनांचा तुकडा बदलायचा असतो, त्यामुळे कारखान्यांनीही सर्वांत कडक बाजार धरूनच डिझाइन करणं पसंत केलं.

सगळं श्रेय नियमांना देणं मात्र अन्यायाचं होईल. २००३ ते २००६ या काळात तांब्याचा जागतिक भाव चौपटीच्या आसपास चढला. तांब्याने भरलेला जड अडॅप्टर आपोआप महाग झाला आणि हलका स्विच मोड स्वस्त ठरला. नियम आणि भाव एकाच दिशेने ढकलत होते. नियमांमुळे इतकं झालं की भाव उतरल्यावरही कुणाला मागे फिरता आलं नाही.

आत काय बदलावं लागलं

पाचवरून सहावर जाताना काय मोडतं, हे एका साध्या रोधावरून समजतं. जुन्या स्विच मोड डिझाइनमध्ये कंट्रोलर सुरू व्हायला उच्च व्होल्टेजवरून एक रोध जोडलेला असायचा. २३० व्होल्ट डीसी केल्यावर शिखर ३२५ व्होल्टचं असतं. १ मेगाओहमचा रोध तिथे २४ तास ०.१०६ वॅट जाळतो. म्हणजे बाकी काहीही नसलं तरी या एका रोधाने पातळी सहाची मर्यादा ओलांडली. उपाय म्हणजे सुरू झाल्यावर ही वाट बंद करणारा कंट्रोलर. कपॅसिटर रिकामा करायला ठेवलेले रोध (पिना हाताला लागून शॉक बसू नये म्हणून ते असतात) २ मेगाओहमचे असले तर ०.०२६ वॅट आणखी. आउटपुटकडे व्होल्टेजवर नजर ठेवणारा टीएल ४३१ नावाचा छोटा भाग एक मिलिअँपिअर मागतो, १२ व्होल्टला ०.०१२ वॅट. शंभर मिलिवॅटच्या बजेटात असा एकेक खर्च बसवावा लागतो.

आपल्याकडे यात एक भर पडते. गावाकडे रात्री व्होल्टेज २७० पर्यंत चढतो. रोधातला खर्च व्होल्टेजच्या वर्गाने वाढतो, म्हणजे २३० च्या तुलनेत जवळजवळ ३८ टक्के जास्त. प्रयोगशाळेत काठावर पास झालेला अडॅप्टर तिथे पास राहत नाही.

भार असतानाचा मोठा चोर म्हणजे आउटपुटचा डायोड. शॉटकी डायोडवर ०.४५ व्होल्ट पडतात असं धरलं, तर १२ व्होल्टच्या अडॅप्टरमध्ये ३.६ टक्के वीज जाते आणि ५ व्होल्टच्या चार्जरमध्ये ८ टक्क्यांहून जास्त. म्हणूनच ६ व्होल्टच्या खालच्या आणि ५५० मिलिअँपिअर किंवा जास्त देणाऱ्या अडॅप्टरना निकष थोडा सैल ठेवला आहे. ५ व्होल्ट २ अँपिअरच्या चार्जरला सहासाठी ७८.७ टक्के पुरतात. सहावर जाताना अनेकांनी डायोडच्या जागी मॉसफेट, म्हणजे स्विचसारखा चालणारा ट्रान्झिस्टर, बसवला. १० मिलिओहमच्या मॉसफेटवर २ अँपिअरला ०.०२ व्होल्टच पडतात.

ज्या केबलकडे कुणी पाहत नाही, ती सगळं घालवू शकते. अडॅप्टरसोबत दिलेली केबल चाचणीत धरली जाते आणि आउटपुट तिच्या टोकाला मोजतात. दीड मीटरची २४ गेजची तार घेतली (गेजचा आकडा जितका मोठा, तितकी तार बारीक), तर जाऊन-येऊन ३ मीटरचा रोध ०.२५ ओहम. २ अँपिअरला अर्धा व्होल्ट केबलमध्येच संपला, १० वॅटमधला एक वॅट गेला. चार भारांच्या सरासरीत हा तोटा सव्वासहा टक्के भरतो. २० गेजच्या तारेत तोच तोटा अडीच टक्क्यांवर येतो. केबलमधलं तांबं कमी करून चार पैसे वाचवणाऱ्याला आत महागडे भाग घालून ते भरून काढावे लागतात.

उणं काय राहिलं

खूण उत्पादक स्वतः छापतो. बाहेरची तपासणी तो माल ज्या देशात विकला जातो तिथल्या यंत्रणेइतकीच कडक असते. भारतात अडॅप्टरवर बीआयएसचा (भारतीय मानक ब्यूरोचा) नोंदणी क्रमांक असतो. २०१२ च्या आदेशाने सुरू झालेली ही नोंदणी सुरक्षिततेची आहे: आग, शॉक, इन्सुलेशन. कार्यक्षमता हा तिचा विषय नाही, आणि फ्रिज-एसीवर दिसणारी बीईईची (ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरोची) ताऱ्यांची पट्टी अडॅप्टरवर दिसत नाही. मोठ्या कंपन्यांच्या उपकरणांसोबत येणारे अडॅप्टर बाहेरच्या नियमांसाठी बनलेले असल्याने आपल्याला ते आयतेच चांगले मिळतात. सीसीटीव्ही, एलईडी पट्ट्या, सेट टॉप बॉक्स यांच्यासाठी सुटे विकले जाणारे स्वस्त अडॅप्टर मात्र या साखळीच्या बाहेर आहेत. त्यांच्यावरचा सहा कुणी तपासलेला असेलच असं नाही, आणि कधीकधी लेबलवरचे २ अँपिअर मागितले की व्होल्टेज कोसळतो.

दुसरी उणीव पद्धतीतच आहे. सरासरी २५ टक्क्यांपासून वरच्या भारांची. ६५ वॅटच्या अडॅप्टरला झोपलेला लॅपटॉप जोडला असेल तर तो ५ टक्क्यांच्या आसपास चालतो, आणि त्या टप्प्याला पातळी सहाची कुठलीच अट नाही. युरोपने २०२० पासून १० टक्के भाराचा आकडा जाहीर करायला लावला. हा जरूर मागावा असा आकडा आहे.

मोबाइलचा चार्जर सॉकेटमध्ये राहिला म्हणून घरात जे ओरडणं होतं, त्याचाही हिशेब करून टाकू. पातळी सहाचा चार्जर वर्षभर रिकामा लटकत राहिला तरी पाऊण-एक युनिट जातं. आपल्याकडे सॉकेटला बटण असतं, ते बंद करावंच. पण खरी वीज राउटर आणि सेट टॉप बॉक्सच्या मागे जाते, कारण ते चोवीस तास भारावर असतात. तिथे रिकाम्या वापरापेक्षा सरासरी कार्यक्षमता बघावी.

सोसायटी, शाळा किंवा ग्रामपंचायत कॅमेऱ्यांसाठी पन्नास-शंभर अडॅप्टर घेणार असेल, तर खरेदीच्या अटींत नुसतं ‘१२ व्होल्ट २ अँपिअर, बीआयएस’ लिहू नये. २४ वॅटच्या अडॅप्टरसाठी अशी अट लिहिता येते: कार्यक्षमता पातळी सहा, अडॅप्टरच्या अंगावर छापलेली. २३० व्होल्ट ५० हर्ट्झला २५, ५०, ७५ आणि १०० टक्के भाराचे चार वेगळे आकडे, सोबतच्या केबलच्या टोकाला मोजलेले, सरासरी ८६.२ टक्के किंवा जास्त. १० टक्के भाराची कार्यक्षमता वेगळी नमूद. रिकामा वापर ०.१ वॅटपेक्षा जास्त नाही. पुरवलेल्या मालातले कुठलेही तीन नग निवडून पूर्ण भारावर ३० मिनिटं चालवले जातील आणि केबलच्या टोकाला ११.४ व्होल्टपेक्षा कमी मिळाले तर सगळी खेप परत.